नव्वद वर्षांची वाट

त्या घरात राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात आईनं आम्हाला एक नियम घालून दिला. फाटकाची कडी काढायच्या आधी मोठ्यानं आपलं नाव सांगायचं. माझे वडील, त्यांना मी दादा म्हणायची, पीनिया औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून कंपनीच्या बसनं यायचे, घामेजलेले, दमलेले. पण तेसुद्धा गल्लीच्या तोंडापासून "मी साठे, मी साठे" म्हणत यायचे. शेजारच्यांना आधी ते वेडे वाटले असतील. कारण असं होतं, की खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आमच्या घरमालकीणबाई, ज्यांना आम्ही खाला म्हणायचो, कडीचा आवाज झाला की हातातलं टाकून हाक घालायच्या, "कोण? इद्रीस?" जिन्यावरून "नाही खाला, मी वैजू" असं उत्तर गेलं की खाली जी शांतता पसरायची ती आईला सोसवायची नाही. "त्यांचा जीव दिवसभर वर येतो आणि खाली पडतो," ती म्हणाली. "आपल्यामुळं तरी पडायला नको."

इद्रीस हा खालांचा एकुलता एक मुलगा. आम्ही सांगलीहून बंगळूरला आलो त्याच्या आधीच तो नाहीसा झालेला होता. एका सकाळी चहा पिऊन तो चिकपेटेतल्या कापडाच्या दुकानात कामाला म्हणून निघाला आणि दुकानात पोचलाच नाही. घरात भांडण झालेलं नव्हतं, डोक्यावर काही ओझं नव्हतं, लग्नाला पुरतं वर्षही झालेलं नव्हतं. पोलीस झाले, दवाखाने झाले, जिथं बेवारशी मुडदे ठेवतात त्या खोल्या पाहून झाल्या. कुठं काही लागलं नाही. बसवनगुडीतून मार्केटकडे उतरणाऱ्या त्या गल्लीत आठ-दहा घरं होती, माणसं दारातच बसलेली असायची. पण त्याला वळणावरून पुढं जाताना पाहिल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

आम्हाला दिलेली वरची खोली त्याची होती. त्याची बायको सफिया त्यानंतर खाली सासूजवळ निजायला गेली आणि वर कुणी जाईनासं झालं. मग काझीसाहेबांनी, म्हणजे इद्रीसच्या वडिलांनी, जिन्यावर पावलं वाजायला पाहिजेत एवढ्याच कारणासाठी भाडेकरू ठेवायचं ठरवलं. खाला माहेरच्या मिरजेच्या, त्यामुळं सांगलीची माणसं म्हटल्यावर त्यांनी दुसरी चौकशीच केली नाही. खोलीच्या खिडकीला अर्धा हिरवा रंग दिलेला होता. एक झडप रंगवून झाली होती, दुसरी कोरी. ते काम त्याचं होतं आणि तसंच ठेवायचं होतं. मी त्या खिडकीखाली बसून एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, अभ्यास केला. ज्याला कधी पाहिलं नाही त्याची मला इतकी माहिती झाली, की तो चिंच मिठाबरोबर खायचा, कुत्र्यांना घाबरायचा, अंघोळ करताना गुणगुणायचा, हे मी आजही शपथेवर सांगेन. कधी कधी गणित सोडवताना मागं कुणीतरी उभं राहून वहीत डोकावतंय असं वाटायचं. मी वळून पाहायची नाही. भीतीपेक्षा संकोच जास्त वाटायचा. आपणच त्याच्या खोलीत आगंतुक होतो.

परवा चिकपेट मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर माझ्या पुढं एक सडपातळ म्हातारा उतरत होता. हातात कापडाचं गाठोडं होतं. मी वयाचा हिशेब केला, आणि मग स्वतःवरच चिडून मुद्दाम हळू चालले, म्हणजे त्याचा चेहरा दिसायला नको. हे माझं कायमचं झालेलं आहे. या शहरात पाठमोऱ्या माणसांकडे मी नीट पाहू शकत नाही.

काझीसाहेब खालच्या पुढच्या खोलीत बसायचे. पांढरी दाढी, जाड भिंगांचा चष्मा, समोर बुटकं मेज, भिंतीशी एक लांब बाक. सकाळी तिथं माणसं यायची. नवरा-बायकोची भांडणं, वाटण्या, तलाक, नांदवत नाही, पोरं दाखवत नाही. खोलीला आणि स्वयंपाकघराला मध्ये फक्त एक पडदा होता, आणि मी शाळेला जायच्या आधी खालांकडे लसूण सोलायला बसलेली असायची. त्या बाजूला रडणं, आरडाओरडा, आणि या बाजूला दालच्याच्या डाळीत पडणाऱ्या दुधीचा वास, असं ते घर होतं. बाहेर पालेभाजी विकणारी बाई "सोप्पू, सोप्पू" करत जायची. काझीसाहेब ती लांब जाईपर्यंत थांबायचे आणि मग पुढचा प्रश्न विचारायचे. एकदा एक म्हातारे गृहस्थ आले. साखरेचा आजार होता, डॉक्टरांनी रोजे ठेवू नका म्हणून बजावलं होतं, आणि ते म्हणत होते की मेलो तरी ठेवणार. काझीसाहेब त्यांना म्हणाले, "मियाँ, अल्ला तुमको रुखसत दिया, छूट दिया. तुम कायकू नक्को बोल रहे?" म्हाताऱ्यांनी बराच वाद घातला. जाताना मात्र ते डोळे पुसत होते.

मला तेव्हा जे वाटायचं ते मी विचारून टाकायची. एकदा म्हटलं, "तुमचा कायदा फार कडक असतो ना, काझीसाहेब?" ते रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "बेटा, अल्ला के नाम बहुत हैं. उसमें कहार भी है, जब्बार भी है. जोरवाले नाम हैं वो. पन हम काम शुरू करते तो कौनसे नाम लेते? रहमान, रहीम, रहमवाले. हर बार वोइच दो. तो फैसला भी वहीं से शुरू होना ना?" मग बाकावर वाट पाहणाऱ्या बाईकडे वळून म्हणाले, "हौ अम्मा, बोलो."

आता माझ्या फोनवर माझ्याच वयाच्या मैत्रिणी शरीयतविषयी काय काय पाठवत असतात. मी वाद घालत नाही, तेवढी मी शिकलेली नाही. पण तो शब्द वाचला की मला मेजामागचा तो माणूस चष्मा काढताना दिसतो, आणि पुढं जे झालं ते आठवतं.

सफियाभाभी माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी असेल. ती शिवणकाम करायची. दुपारभर खालून मशीनचा आवाज यायचा. तिनं मला काजं करायला शिकवलं आणि माझ्याकडून मराठी उचललं. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या असायच्या, कारण तिचा नवरा जिवंत होता. लग्नकार्यात मात्र तिला कुणी पुढं बोलवायचं नाही. दर शुक्रवारी खाला इद्रीसचा पांढरा कुर्ता धुऊन, इस्त्री करून तिच्याकडे द्यायच्या आणि ती तो पलंगाच्या उशाशी ठेवायची. जेवताना त्याचं ताट मांडलं जायचं. ते उचलून पुन्हा घासायचं काम तिचं होतं.

एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना ती मला म्हणाली, "वैजू, घरात मय्यत असली की लोक हळू बोलतात ना? माझ्याजवळ लोक तसं बोलतात. पण मय्यत कुठाय? मीच आहे का?" मी तिच्याकडे पुढचा ओला कपडा दिला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "काल दुपारी वर कोण चालत होतं?"

काल दुपारी वर कुणीच नव्हतं. आई आणि मी बाजारात होतो, दादा कारखान्यात. मी तसं सांगितलं. तिनं मान हलवली, जणू काही तिला ते माहीतच होतं. "बूट घालून चालत होता," ती म्हणाली. त्या दिवसानंतर तिचं खाणं कमी झालं. मशीन मध्येच थांबायचं आणि बराच वेळ बंद राहायचं; ते थांबलं की वर आई आणि मी एकमेकींकडे पाहायचो.

आणि एका सकाळी, मी नेहमीसारखी लसूण सोलत बसलेली असताना, सफियाभाभी डोक्यावरून चादर घेऊन मागच्या दारानं बाहेर पडली, घराला वळसा घालून पुढं आली आणि पुढच्या खोलीत इतर बायकांच्या शेवटी बाकावर बसली. पडद्याच्या फटीतून मी पाहिलं. काझीसाहेबांनी एकेक करून सगळ्यांचं ऐकलं. शेवटी तिची पाळी आली तेव्हा मान वर न करता म्हणाले, "चाय लाई क्या बेटा?"

"नहीं अब्बा. मैं दरख्वास्त लेको आई."

त्यांनी मान वर केली. मला वाटलं ते उठून आत येतील. ते बसून राहिले. तिनं जे सांगायचं ते सांगितलं, अगदी सरळ, इतर बायका सांगतात तसं. शौहर नाहीसा आहे, पाच वर्षं होऊन गेली, खबर नाही. मला भास होतात. मला माझ्यावर भरवसा राहिलेला नाही. माझा निकाल करा. माझ्या शेजारी खालांनी हातातला चमचा पातेल्याच्या काठावर आडवा ठेवला.

काझीसाहेब म्हणाले, "तू सही जगह आई. पन मैं इसका काझी नहीं हो सकता. मैं उसका बाप हूँ." मग चष्मा काढून, "दूसरे काझी के पास मैं खुद भेजूँगा. गवाही भी मैंच देऊँगा."

खालांनी गॅस बंद केला आणि पडदा सारून बाहेर गेल्या. परक्यांसमोर त्या कधीच त्या खोलीत जायच्या नाहीत. त्या आलिमाच्या घरातल्या होत्या, मिरजेला त्यांचे वडील मदरशात शिकवायचे, आणि किताबात काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. त्या मराठीतच बोलल्या. रागावल्या की त्या माहेरच्या भाषेत जायच्या. "माझ्या बापानं मला शिकवलंय. आपण ज्यांच्या वाटेनं जातो त्या मोठ्या इमामाच्या मतानं माणूस नव्वद वर्सांचा होईपतूर त्याला मेला म्हणता येत न्हाई. नव्वद! माझा पोरगा तीसचा बी न्हाई. तुम्ही बाप हाय का कोण हाय? पोराला जित्तेपणी मारायला निघालाय?"

"नव्वद वर्षं माझ्याकडून मागितलीस तर देतो," काझीसाहेब म्हणाले. त्यांना मराठी चांगलं यायचं, पण मी त्यांना ते बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. "तू पण देशील. आपण आईबाप आहोत, आपण बसू वाट पाहत. पण ही वर्षं हिच्या अंगातून काढायची आहेत. ती कुणाच्या हुकमानं काढू? त्याच किताबवाल्या मोठमोठ्या आलिमांनी अशा बायकांचे हाल पाहिले, आणि आपल्या इमामाचं मत बाजूला ठेवून दुसऱ्या इमामाचं घेतलं. चार वर्षं वाट, पुरे. त्यांना आपली किताब माहीत नव्हती काय? रहम सोडून जो हुकूम मी देईन तो अल्लाचा कसा म्हणू? तो माझा हट्ट झाला."

"आणि तो आला तर?"

बाकावरच्या बायका केव्हाच उठून गेल्या होत्या.

दुसऱ्या काझींनी आधी पुन्हा शोध घ्यायला सांगितलं. तसं करावंच लागतं. जवळजवळ वर्षभर काझीसाहेब फोटो घेऊन हिंडले. उर्दू आणि कन्नड वर्तमानपत्रांत जाहिरात गेली. ते हैदराबादला गेले, अजमेरला गेले, मुंबईच्या गोदीत कुणीतरी त्याच्यासारखा आहे असं कळल्यावर दादा रजा काढून त्यांच्याबरोबर तिथं गेले. परत आल्यावर दादा आईला एवढंच म्हणाले, की त्या माणसानं हातगाडी थांबवून मागं वळून पाहिलं आणि काझीसाहेबांनी माफी मागितली. पण मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

खाला त्या वर्षात बोलेनाशा झाल्या. काझीसाहेबांशी कामापुरतं, सफियाशी अजिबात नाही. आमच्याशीसुद्धा नाही, कारण सफियाला आई नव्हती आणि तिच्याबरोबर दुसऱ्या काझींकडे जायला माझी आई तयार झाली होती. त्या ईदला खालून शेवया आल्या नाहीत. आई म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे. त्यांच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते." पण ती रडली.

शेवटच्या दिवशी मीही गेले. बंगळूरच्याच शिवाजीनगरात एका मशिदीच्या मागं खोली होती. तिथले काझी तरुण होते आणि एके काळी आमच्या काझीसाहेबांचेच शागीर्द. गुरूला प्रश्न विचारायला त्यांची जीभ रेटेना. ते नुसते कागद चाळत राहिले. काझीसाहेब त्यांना म्हणाले, "पूछो. उस्ताद समझको छोडो नक्को."

"आखरी बार आप उनको कब देखे?"

"देखा नहीं," काझीसाहेब म्हणाले.

तरुण काझींना कळलं नाही. आम्हालाही नाही.

"वो सुबह मैं पढ रहा था. दरवाजे से सलाम बोला. मैं जवाब दिया, सर उठाको देखा नहीं. उसका कुर्ता कौनसा था, लोगां पूछे तो मैं उसकी अम्मा का बताया हुआ बोला. मेरेकू मालूम नहीं." त्यांनी कागदाकडे बोट दाखवलं. "ये भी लिखो. गवाही है."

सफियाभाभी आईच्या शेजारी बसली होती. तिचा हात आईच्या हातात होता. तो इतका घट्ट होता, की आईच्या बोटांवर नंतर कितीतरी वेळ वळ होते. निकाल वाचला गेला तो उर्दूत, आणि त्यातलं एवढंच मला समजलं, की आता इद्रीसला कायद्यानं मेलेला धरायचं, आणि सफियानं विधवेची इद्दत बसायची, चार महिने दहा दिवस घरात दुखवट्यात राहायचं. आम्ही रिक्षानं घरी आलो. फाटकाशी आल्यावर आम्ही तिघींनीही आपापली नावं सांगितली.

त्या घरात ज्याचा देह नव्हता, ज्याची कबर नव्हती, अशा माणसाचा दुखवटा सुरू झाला. सफियाभाभीनं बांगड्या उतरवल्या. गल्लीतल्या बायका सांत्वनाला, पुरसा द्यायला आल्या, कुणी हलक्या आवाजात कुराण वाचत बसल्या. एक वृद्ध बाई खालांकडे वळून सबर करा म्हणाली तेव्हा खाला ओरडल्या, "कुणाचा सबर? माझा पोरगा जित्ता हाय!" आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. नंतर आतून जो आवाज आला तसा माणसाच्या गळ्यातून निघालेला आवाज मी पुन्हा ऐकलेला नाही. इतकी वर्षं त्या रडल्या नव्हत्या. रडल्या असत्या तर तो मेला असता. तो आवाज बराच वेळ चालला आणि सफियाभाभी त्या बंद दाराला पाठ लावून बाहेर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालांनी तिच्यासमोर जेवण ठेवलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिच्या केसांना तेल लावायला बसल्या. इद्दतीत बाईनं नटायचं नसतं, पण डोकं दुखत असेल तर तेल लावायला हरकत नाही, असं त्यांनी स्वतःशीच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. आणि एका संध्याकाळी जिन्याखालून हाक आली, "साठेबाई, कोथिंबीर हाय का वो?" आई चुलीवरचं तसंच टाकून, हातात अख्खी जुडी घेऊन धावत खाली गेली.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी तुमकूरच्या एका शाळेत शिकवणाऱ्या विधुर मास्तरांचं स्थळ आलं. सफियाभाभीनं होकार दिला. तिच्या बाजूनं निकाहातला वकील म्हणून तिची संमती घेऊन काझीसाहेबच उभे राहिले, सून म्हणून आणलेल्या मुलीला लेक म्हणून द्यायला. पुढच्या खोलीतलं ते मेज भिंतीला लावलं होतं आणि बाकावर पाहुणे बसले होते. निकाह झाला, खजूर वाटले, कुस्क्याचा भात आणि दालचा झाला. खाला दिवसभर स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. सगळं जेवण मात्र त्यांच्या हातचं होतं. मी वाढायला होते. जे पातेलं रिकामं होई ते त्या माझ्याकडे न बघता भरून देत होत्या.

निघायची वेळ झाली. दारात टॅक्सी उभी होती. सफियाभाभी सगळ्यांच्या गळ्यात पडली, आईच्या पडली, माझ्या पडली, काझीसाहेबांसमोर वाकली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती फाटकाशी पोचली तेव्हा खाला बाहेर आल्या. ओले हात पदराला पुसत त्या जिन्याशी थांबल्या. त्या पुढं गेल्या आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या. उंचीनं त्या तिच्या खांद्याएवढ्या होत्या.

"तो आला तर त्याला काय सांगू?" त्यांनी विचारलं.

विचारण्यात राग नव्हता. एखादी बाई बाहेर निघालेल्या दुसरीला घरच्यासाठी निरोप विचारते तसं त्यांनी विचारलं होतं.

"सांगा," सफियाभाभी मराठीत म्हणाली, "मी वाट पाहिली."

"किती पाहिली म्हणून विचारलं तर?"

तिचे मास्तर टॅक्सीजवळ खाली मान घालून उभे होते. खालांनी हात वर करून तिच्या डोक्यावरची घसरलेली ओढणी सारखी केली.

"पुरेशी पाहिली म्हणून सांगीन," त्या म्हणाल्या. "जा तू."